कापलेली हिरवळ का करपते?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चारचौघींपुढे उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे घर, सासू-सासरे, मुले यांतच दिवस गेले. त्यामुळे चिटणीसबाईंनी "यंदा तुम्ही हिरवळीवर बोला" असे सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले. पण नंतर वाटले, की ह्या विषयावर मंडळात बोलायचे कुणाला कर्ज असेल तर ते मलाच आहे. ते का, हे पुढे कळेलच.

आपल्या अंगणातली हिरवळ यंत्राने कापली, की दोन-चार दिवसांत तिच्यावर तपकिरी डाग पडतात. आज हिरवीगार, उद्या जणू कुणी तवा ठेवून भाजलेली. हे का होते आणि होऊ नये म्हणून काय करावे, एवढेच मी सांगणार आहे. मी सांगते ते काही पुस्तकी नाही. थोडे मी स्वतः वाकून पाहिले, थोडे माळीमामांनी शिकवले आणि थोडे माझ्या थोरल्या मुलाने वाचून दाखवले.

नाशिकच्या ह्या आपल्या वसाहतीत दोन इमारतींच्या मधली मोकळी जागा पूर्वी कशी होती, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. विटांचे तुकडे, सिमेंटची फुटकी पोती आणि घाणेरीची झुडपे. मंडळाने ती जागा साफ केली. एका पावसाळ्यात आपण बायकांनीच पदर खोचून, ओळीने बसून, हरळीच्या काड्या वीतभर अंतरावर लावल्या. हरळी म्हणजे आपल्या गणपतीला ज्या कोवळ्या दूर्वा वाहतो, तेच गवत. साधारण साठ फूट लांब आणि चाळीस फूट रुंद अशी ही हिरवळ आहे. नवरात्रात भोंडला तिच्यावर, कोजागिरीचे दूध तिच्यावर आणि चैत्रातले हळदीकुंकूही तिच्यावरच. तिच्यावर आपला किती जीव आहे, हे मी सांगायला नको. आणि जीव असतो तिथेच माणूस रागाने बोलून जाते.

2024 सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. चैत्रगौरीचे हळदीकुंकू पाच दिवसांवर आले होते. हिरवळीची जबाबदारी त्या वर्षी माझ्याकडे होती, आणि मंडळाच्या खर्चाची वहीही माझ्याकडेच. परीक्षांच्या गडबडीत गवत कापायचे राहून गेले होते आणि ते तीन बोटांच्या वर वाढले होते. माळीमामा मशीन घेऊन आले तेव्हा मी गॅलरीतूनच ओरडून सांगितले, "मामा, अगदी बारीक काढा. जमिनीला टेकवून काढा. म्हणजे महिनाभर पुन्हा बघायला नको!"

मामा म्हणाले, "ताई, ऊन फार आहे. इतके बारीक सोसायचे नाही त्याला."

मी म्हटले, "काही होत नाही. हरळी आहे ती. हरळीचे मूळ कधी मरते का?"

मामांनी पुढे वाद घातला नाही. मशीन सगळ्यांत खालच्या खुणेवर बसवले आणि दोन तासांत सारी हिरवळ कापून काढली. संध्याकाळी वरून पाहिले तर नुकत्याच घातलेल्या सतरंजीसारखी सपाट दिसत होती. मला मोठे समाधान वाटले.

चौथ्या दिवशी सकाळी गॅलरीचे दार उघडले आणि माझ्या पोटात गोळा आला. हिरवळीवर जागोजाग तपकिरी चट्टे पडले होते. मधोमध परातीएवढे तीन-चार, चिंचेच्या बाजूला एक लांबट, फाटकाजवळ ताटलीएवढा एक. जिथे चट्टा नव्हता तिथेही हिरवा रंग मेलेला, वर राख भुरभुरल्यासारखा. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू! आंब्याची डाळ झाली, पन्हे झाले, गौरीची आरास सुरेख झाली, पण येणारी प्रत्येक बाई आधी विचारी, "अगंबाई, हे गवताला काय झाले?" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आणि मग मी काय केले? पुढच्याच सभेत उभी राहून सांगितले, की माळ्याने पाणी घालण्यात कुचराई केली, हिरवळ करपवली, म्हणून त्यांच्या पगारातून पाचशे रुपये कापावेत. मामा तेव्हा दाराशीच उभे होते. ते एवढेच म्हणाले, "ताई, बारीक काढा असे तुम्हीच सांगितले होते." त्यावर मी फटकन म्हटले, "काढा म्हटले होते मामा, जाळा नव्हते म्हटले." सगळ्या हसल्या. ठराव मंजूर झाला. वहीत पाचशे रुपयांची नोंद मीच माझ्या हाताने केली.

भगिनींनो, ते हसणे अजून माझ्या कानांत आहे.

दुसऱ्या दिवशी माझ्या जावेचे जोडवे हळदीकुंकवात हरवल्याचे लक्षात आले. ते शोधायला मी हिरवळीवर गेले. उभ्याने दिसेना, म्हणून उकिडवी बसले. तरी दिसेना, म्हणून गुडघे टेकले आणि मुलीच्या केसांत उवा बघताना बट बाजूला करावी, तसे बोटांनी गवत बाजूला करू लागले. ज्या हिरवळीवरून मी दिवसातून चार वेळा जात होते, ती इतक्या जवळून मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

पाहते तो काय, त्या मधल्या चट्ट्यांत गवत मेलेले नव्हतेच! तिथे फक्त काड्या उरल्या होत्या. हरळीची रचना अशी आहे, की हिरव्या पाती वरच्या भागात असतात. खालच्या भागाला ऊन मिळत नाही, म्हणून तिथल्या काड्या मुळातच पिवळट-तपकिरी असतात. वरचा हिरवा भाग आहे तोवर त्या झाकलेल्या राहतात. मी सगळा हिरवा भागच काढून टाकायला लावला होता. मग खालचे तपकिरी दिसणार नाही तर काय? आणि हे चट्टे नेमके त्याच ठिकाणी होते, जिथे जमीन थोडी उंच होती. मशीन वरून सरळ जाते, उंचवटा आला की पाते तिथे अधिक खाली लागते. डोके करताना न्हाव्याचा वस्तरा टेंगळावर लागावा, तसेच ते.

मी मुकाट्याने घरी आले आणि मुलाची शाळेतली पट्टी घेऊन परत गेले. न कापलेल्या कडेला गवत तीन इंच होते. कापलेल्या जागी अर्धा इंचही नव्हते. म्हणजे सहा भागांतले पाच भाग आम्ही एकाच वेळी काढले होते.

मामा त्या आठवड्यात आलेच नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने पाट मांडला, चहा दिला. मी म्हटले, "मामा, एकदा माझ्याबरोबर चला आणि प्रत्येक डाग कशाचा आहे ते मला सांगा." ते आले. आम्ही दोघे तासभर हिरवळीवर वाकून फिरलो. तेव्हा मला कळले, की आपल्याला दुरून एकसारखे दिसणारे ते डाग एका कारणाचे नव्हतेच. एकेक सांगते.

पहिला डाग, उंचवट्यांवरचा. हा फार खाली कापल्याचा. गवताची हिरवी पात म्हणजे त्याचे स्वयंपाकघर. उन्हात तिथेच त्याचे अन्न तयार होते. ती पात सगळी कापली, की चूल बंद पडते आणि गवताला मुळांतल्या साठ्यावर जगावे लागते. त्यातच वरून कडक ऊन. आजवर सावलीत राहिलेल्या कोवळ्या काड्या एकदम उघड्या पडतात आणि जमीनही तापून लवकर सुकते. यासाठी नियम एकच आहे आणि तो तुम्ही पाठच करून ठेवा: एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्सा कापावा, त्याहून जास्त नाही. गवत तीन इंच असेल तर दोन इंचांवर आणावे. दीड इंच ठेवायचे असेल तर ते सव्वादोन इंच झाले की कापावे. आणि चुकून फार वाढलेच, तर एकदम खाली न आणता आज थोडे, चार-पाच दिवसांनी पुन्हा थोडे, असे उतरवत न्यावे. महिनाभराचे उपास एका दिवशी करून चालत नाहीत, तसेच हे.

दुसरे, सगळ्या हिरवळीवर पसरलेली ती राखेसारखी छटा. मामांनी एक पात खुडून माझ्या तळहातावर ठेवली. तिचे टोक कापलेले नव्हते, फाटलेले होते. फाटक्या पदराचे दोरे लोंबावेत, तसे त्याचे बारीक तंतू निघाले होते आणि तेवढेच टोक वाळून करडे झाले होते. हा बोथट पात्याचा परिणाम. आपल्याला हे नवे नाही. बोथट विळीवर कोथिंबीर चिरली तर ती चिरली न जाता ठेचली जाते आणि घटकाभरात काळी पडते. धारेच्या विळीवर चिरलेली तशीच हिरवी राहते. गवताचेही तसेच आहे.

इथे मला खाली मान घालावी लागली. कारण पात्यांना धार लावून आणा, असे मामांनी मला त्याआधी तीनदा सांगितले होते. धार लावणारा तीनशे रुपये मागत होता. मी वही बघून म्हटले होते, "पुढच्या महिन्यात बघू." तीनशे वाचवले आणि पाचशे कापले, आणि दोन्ही एकाच माणसाचे.

आपले मशीन हाताने ढकलायचे, गोल फिरणाऱ्या पात्यांचे आहे. मुलाने मला वाचून दाखवले, की अशा तऱ्हेचे पहिले यंत्र इंग्लंडमध्ये एडविन बडिंग नावाच्या कारागिराने 1830 साली काढले. लोकरी कापडावरची लव कातरून कापड गुळगुळीत करण्याचे यंत्र गिरणीत असे. त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. हे ऐकल्यावर मला ते मशीन एकदम समजले. फिरती पाती आणि खालची स्थिर पट्टी मिळून ती कात्री होते. कात्रीची दोन पाती सैल झाली, की कापड कापले न जाता दुमडते. तेच इथे होते. म्हणून कापणीच्या आधी कागदाची पट्टी पात्यांत धरून चाक हळूच हाताने फिरवून बघावे. कागद सरळ कापला गेला तर मशीन ठीक. दुमडला किंवा फाटला तर पट्टी कसून घ्यावी, नाहीतर धार लावून आणावी. हे करताना बोटे दूर ठेवावीत आणि जवळ मूल असू देऊ नये. विजेचे किंवा पेट्रोलचे मशीन असेल तर त्याचे पाते गवताला फटका मारून तोडते, म्हणून तिथे धार अधिकच सांभाळावी लागते. त्या मशीनला मात्र कागदाची परीक्षा करू नये. वीज काढून किंवा इंजिन पूर्ण बंद करून, जाणत्या माणसाकडूनच पाते तपासून घ्यावे.

तिसरा डाग चिंचेजवळचा, लांबट. तिथे आम्ही कापलेल्या गवताचा ढीग तीन दिवस तसाच ठेवला होता. ओल्या गवताचा ढीग आतून तापतो, खालच्या गवताला ना ऊन ना वारा. ते पिवळे पडून कुजू लागते. मामा ढीग उचलणार होते, पण "आधी फाटकाशी रांगोळीची जागा करून द्या" असे सांगून त्यांना दुसऱ्या कामाला कुणी लावले? मीच. गवत जर थोडे थोडे आणि वेळच्या वेळी कापले, तर त्याचे बारीक तुकडे तसेच पसरून राहू द्यावेत. ते कुजून हिरवळीलाच खत होते. पण गठ्ठे मात्र राहू देऊ नयेत. याच कारणाने ओले गवत कापू नये. ओल्या गवताचे गोळे होतात, मशीन अडते, चाकांनी माती दबते.

चौथा, पायऱ्यांसमोरचा चौकोनी पिवळा भाग. चौकोन बघूनच मला हसू आले आणि रडूही आले. मंडळाची मोठी सतरंजी वाळवायला म्हणून आपण ती दोन दिवस तिथे पसरून ठेवली होती! खाली गवत गुदमरले. हे गवत मात्र सतरंजी उचलल्यावर दहा दिवसांत हिरवे झाले.

पाचवा, फाटकाजवळचा ताटलीएवढा गोल. त्याचा मधला भाग पार वाळलेला आणि कडेने मात्र गवत इतरांपेक्षा गडद हिरवे, जोमदार. मामा म्हणाले, "हे कुत्र्याचे काम." मुतात क्षार आणि खताचा अंश दोन्ही असतात. मध्ये जास्त पडते तिथे गवत जळते, कडेला थोडे पोचते तिथे खत होते. त्यावर उपाय म्हणजे लगेच बादलीभर पाणी ओतावे. उशीर झाला तर मधले वाळलेले काढून हरळीच्या चार काड्या लावाव्यात. युरियाचेही असेच आहे. दव असताना किंवा ओल्या गवतावर युरिया फेकला तर दाणे पातीला चिकटतात आणि ठिपके-ठिपके जळतात. कोरड्या गवतावर थोडाच टाकून वर भरपूर पाणी द्यावे. पेट्रोलचे मशीन असणाऱ्यांनी त्यात पेट्रोल भरायचे ते रस्त्यावर नेऊन. हिरवळीवर सांडले तर तेवढी जागा मरते. तापलेले मशीनही गवतावर उभे करू नये.

असे हे पाच डाग. आता हिशेब करा. बारीक कापण्याचा हुकूम माझा, धार न लावण्याची काटकसर माझी, ढीग माझ्यामुळे राहिला, सतरंजी आपल्या सगळ्यांची आणि पाचवा कुत्र्याचा. माळीमामांचा त्यांत एकही नव्हता. आणि दंड भरला तो मामांनी.

आता, हे डाग पडू नयेत म्हणून आम्ही गेल्या काळात काय काय पाळले, ते थोडक्यात सांगते.

कापणीच्या आदल्या दिवशी सकाळी पाणी द्यावे आणि दुसऱ्या दिवशी गवत कोरडे असताना कापावे. तहानलेले गवत कधी कापू नये. ते तहानलेले आहे हे ओळखायची खूण सोपी आहे: त्यावरून चालून जा आणि मागे वळून बघा. पावलांचे ठसे उठून राहिले, पाती पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत, तर त्याला पाणी हवे आहे. अशा वेळी मशीन फिरवले तर चाकांच्या दोन रेघाच्या रेघा तपकिरी होतात.

भर दुपारी कापू नये. सकाळी दव वाळल्यावर किंवा ऊन उतरल्यावर कापावे.

दर वेळी एकाच दिशेने मशीन नेऊ नये. एकदा लांबीने, पुढच्या वेळी रुंदीने. आणि त्याच जागी गरगर वळवू नये. वळणावर गवत मुळासकट चिरडते. आम्ही आता कडेच्या फरशीवर नेऊन वळवतो.

पाणी रोज शिंपडण्यापेक्षा दोन-चार दिवसांआड पण खोल मुरेल असे द्यावे. मुरले की नाही, हे मी विणायची जाड सुई जमिनीत खोचून बघते. चार-पाच इंच सहज गेली तर ठीक. पाणी सकाळी द्यावे. रात्री दिले तर गवत रातभर ओले राहते आणि रोगाला आमंत्रण मिळते. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते आणि हिरवळीवर पाणी ओतायला मनाला बरे वाटत नाही. पण गवत थोडे उंच ठेवले तर त्याची मुळे खोल जातात, जमिनीवर त्याचीच सावली राहते, आणि पाणी कमी लागते. बारीक कापून मग करपले म्हणून पाण्याच्या बादल्या ओतणे, ही दुहेरी नासाडी आहे. उन्हाळ्यात आपल्या मशीनची खूण आता दोन इंचांच्या खाली जात नाही.

पावसाळ्यात गवत भराभर वाढते, तेव्हा आठवड्याला कापावे. थंडीत ते जवळजवळ झोपते, तेव्हा पंधरा-वीस दिवसांनी पुरे. म्हणजे तारीख बघून नव्हे, गवत बघून कापावे.

उंचवट्यांचा उपाय जूनमध्ये केला. चाळलेली माती, थोडी वाळू आणि मुरलेले शेणखत एकत्र करून खोलगट जागी पातळ पसरले. एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा कमी, पातींची टोके वर दिसत राहतील इतकेच. गवत त्यातून वर आले की पुन्हा थोडे. दोन-तीन वेळा केल्यावर जमीन बरीच सारखी झाली आणि पाते लागायचे थांबले.

शेवटी एक सावधगिरी. प्रत्येक डाग कापणीचाच असेल असे नाही. पावसाळ्यात दमट हवेत गोल गोल डाग पसरत चालले आणि पात बुडाशी कुजून सहज निघू लागली, तर तो बुरशीचा रोग समजावा. तेव्हा युरिया थांबवावा, पाणी आवरावे, आणि रोगट जागा शेवटी कापून मशीन धुऊन वाळवावे. नाहीतर मशीनच रोग घरोघर नेते. आणि गवत ओढल्यावर चटईसारखे उचलून येत असेल, खाली पांढऱ्या, वाकड्या अळ्या असतील, तर ती हुमणी. तिने मुळे खाल्लेली असतात. अशा वेळी कृषी खात्याच्या माणसाला दाखवावे. अंदाजाने औषधे ओतू नयेत. तिथे आपली मुले अनवाणी खेळतात.

आपल्या करपलेल्या हिरवळीचे पुढे काय झाले, हे तुम्ही पाहिलेच. मामांनी तीन आठवडे तिच्यावर मशीन लावू दिले नाही, मुलांना खेळू दिले नाही, सकाळचे पाणी चुकवले नाही. हरळीच्या आडव्या धावणाऱ्या काड्यांना नवे फुटवे आले आणि मे महिना संपायच्या आत मधले चट्टे भरून आले. म्हणजे हरळीचे मूळ मरत नाही, हे माझे म्हणणे खरेच होते. पण मूळ मरत नाही म्हणून त्याला वाटेल तसे कापावे, असा त्याचा अर्थ होत नाही. हे मला गवताबद्दल समजले, आणि माणसाबद्दलही समजले.

आता कर्ज म्हटले होते त्याविषयी. मामांचे पाचशे रुपये मी त्याच महिन्यात माझ्या घरखर्चातून काढून त्यांना नेऊन दिले आणि माफी मागितली. मामा म्हणाले, "पैशाचे काही नाही ताई. पण सगळ्या हसल्या त्या दिवशी." त्यावर मला काही बोलता आले नाही. माफी मी त्यांच्या घरात, चौघांच्या आड मागितली. पण दोष मात्र भरल्या सभेत दिला होता. पैसे फेडले, तरी तेवढे देणे राहूनच गेले होते. त्या हसणाऱ्यांत तुमच्यापैकीही पुष्कळजणी होत्या, आणि त्यांना हसवणारी मी होते.

म्हणून आज, ह्या भरल्या सभेत, मी सांगते, की 2024 च्या चैत्रात हिरवळ करपली ती माझ्या चुकीने. माळीमामांचा त्यांत काही दोष नव्हता. मामा आज मागे फाटकाजवळ बसले आहेत. त्यांना मी हात जोडून पुन्हा एकदा क्षमा मागते. आणि माझी मंडळाला अशी सूचना आहे, की त्या दिवशीचा दंडाचा ठराव रद्द झाल्याची नोंद वहीत व्हावी. पात्यांची धार दर वर्षी दोनदा, कुणी न मागता, मंडळाच्या खर्चातून लागावी. आणि गवत किती ठेवायचे हे गॅलरीतून नव्हे, तर मामांनी हिरवळीवर उभे राहून ठरवावे.

जावेचे जोडवे सापडले का, असे आता तुम्ही विचाराल. सापडले. फाटकाजवळच्या त्या गोल डागाच्या हिरव्यागार कडेत. मामांनाच सापडले आणि त्यांनी ते धुऊन, पानात गुंडाळून, घरी आणून दिले.